विहिरीवर बँड वाजत नाही

घोडबंदर रस्ता सोडून खाडीकडे उतरलं, की टॉवरांच्या पायथ्याशी एक जुनं गावठाण लागतं. गावात शिरताना क्रूस, क्रुसामागे विहीर आणि विहिरीवर वाकलेली थोरली चिंच. त्या चिंचेला चिंचांपेक्षा वटवाघळंच जास्त लागतात. काठीवर बोंबील सुकत घालावेत तशी ती दिवसभर उलटी लोंबत असतात, मध्येच कचाकचा भांडतात आणि पुन्हा पंख गुंडाळून झोपतात. खाली वास असतो, घाण असते. तिथे कुणी कपडे वाळत घालत नाही. विहिरीवर बारीक जाळी आहे. त्यांनी कुरतडलेलं फळ गावातलं मूलसुद्धा तोंडाला लावत नाही आणि खाली पडलेल्या वाघळाला कुणी उघड्या हाताने शिवत नाही. पण त्या झाडाखाली फटाका फुटत नाही आणि बँड वाजत नाही. निवडणुकीतली प्रचाराची रिक्षासुद्धा क्रुसापाशी आली की भोंगा बंद करते आणि पार मैदानापाशी जाऊन परत सुरू करते.

अल्फान्सोला या गोष्टीचा केवढा अभिमान! पण सगळा मनातल्या मनात. रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस इतका भिडस्त, की शेअर रिक्षात 'इथे थांबव' म्हणायचाही त्याला संकोच वाटे. दुसरं कुणी उतरेल तिथे तो उतरायचा आणि मुकाट्याने मागे चालत यायचा.

अशा माणसाच्या मुलीचं, लिओनाचं लग्न ठरलं ते डोंबिवलीच्या मार्विनशी. ईस्टर झाल्यावरचा मुहूर्त. मार्विनचं घराणंही मूळचं खाडीकाठचंच, पण त्यांची विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग झालं आणि मंडळी डोंबिवलीच्या मानपाड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली. आता लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायचं असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरतात, उंबराची डहाळी आणून मांडवात रोवतात आणि त्या पाण्याने नवऱ्याला, नवरीला आपापल्या घरी आंघोळ घालतात. फ्लॅटमध्ये विहीर कुठून आणायची?

मार्विनचे काका डिनो. एकदा बोलायला लागले की थांबत नसत, म्हणून अख्खी डोंबिवली त्यांना पोपटकाका म्हणे. त्यांचाच फोन आला.

"व्याही, आमचं ठरलं! आमचं पाणी पण तुमच्याच विहिरीचं. विठ्ठलवाडीचा बँड सांगितलाय. आणि फटाक्यांची माळ अशी आणलीय ना, ठाण्यात लावली तर कल्याणला ऐकू येईल!"

"या, या," अल्फान्सो म्हणाला आणि फोन ठेवून कपाळाला हात लावून बसला.

"सांगितलंस त्यांना?" त्याच्या बायकोने, जोसेफिनने आतून विचारलं.

"सांगणार होतो. त्यांनी श्वासच घेतला नाही गं."

"अरे अल्फू, पिल्लं आहेत आता झाडावर. आवाजाने आया भर उन्हात उडाल्या तर छातीची पोरं खाली पडतील टपाटपा. आणि तुला श्वासाचं पडलंय!"

ते काय त्याला ठाऊक नव्हतं? लहानपणी एकदा बाहेरच्या वरातीने झाडाखाली बॉम्ब लावला होता. त्या दुपारी त्याच्या बापाने फडक्यात गुंडाळून उचललेली पिल्लं त्याला अजून आठवत होती. एकही जगलं नव्हतं. तेव्हापासून गावाने कधी हा नियम मोडला नव्हता. आणि आता तो मोडणार होता त्याच्याच मुलीच्या लग्नात.

एका रविवारी तो मुद्दाम मानपाड्याला गेला. वाटेत वाक्य पाठ केलं. पोपटकाकांनी कटलेटं वाढली, हॉलचं भाडं सांगितलं, मार्विनच्या सुटाचं कापड दाखवलं. कटलेटं खाऊन अल्फान्सो परत आला. वाक्य पोटातच राहिलं. बोलावं तर व्याही दुखावतील आणि लिओनाला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतील. न बोलावं तर झाडाखालून जाताना मान वर कशी करायची?

"मी बोलू का पप्पा?" लिओनाने विचारलं.

"नको. तू नवरी आहेस. मीच बोलतो."

आणि बोलता बोलता तो दिवसच उजाडला.

दुपार कलल्यावर मानपाड्याची गाडी क्रुसाच्या अलीकडे थांबली. जरीकाठी लुगडी नेसलेल्या बायका घागरी घेऊन उतरल्या. त्यांच्यात मार्विनची आई, बियांका. मागून लाल कोटातले बँडवाले आणि सर्वांच्या पुढे माळ खांद्यावर टाकलेले पोपटकाका. बँडचे मास्तर सहदेव यांनी कॉर्नेट ओठाला लावला, ढोलवाल्याने हात उचलला, काकांनी माळ विहिरीकडे पसरायला घेतली.

"थांबवा!"

हा आवाज आपलाच, हे अल्फान्सोला जरा उशिराने कळलं. जोसेफिनच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"काय झालं व्याही?"

"इथे... इथे बँड वाजत नाही. फटाके पण नाही."

पोपटकाका आधी हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे? आम्ही लग्नाला आलोय की मयताला?"

पण अल्फान्सोचं तोंड एकदा उघडलं होतं, आता ते मिटायला तयार होईना.

"वर बघा. प्रत्येकीच्या छातीला एकेक पोर आहे. आवाज झाला की त्या उडतील आणि पोरं पडतील. माझ्या बापाने वेचलीत ती. माझ्या लग्नात इथे बँड वाजला नाही, माझ्या बापाच्या लग्नात वाजला असेल, पण माझ्या पोरीच्या लग्नात वाजणार नाही. राग आला तर मला बोला. तिला नको."

"अहो, पण वाघळांसाठी? रोग असतात त्यांना! मोबाईलवर काय काय येतं..."

"आम्ही त्यांना हात लावत नाही, त्यांचं उष्टं खात नाही, विहिरीवर जाळी आहे. त्या वर, आम्ही खाली. एवढं पाळलं की झालं."

तेवढ्यात बियांकाने विचारलं, "आणि उंबर? उंबर कुठून आणायचा? मोठ्याच्या लग्नाला मिळालाच नाही. सोसायटीच्या कुंडीतल्या रबराच्या झाडाची फांदी लावलेली या भावोजींनी."

"अगं, पान तसंच होतं!" काका पुटपुटले. बायका पदरात तोंड लपवून हसल्या.

अल्फान्सो विहिरीच्या कठड्याशी गेला. मागच्या बाजूला, दगडांच्या सांध्यातून एक उंबर बाहेर आला होता. चांगलं मनगटाएवढं खोड, अंगभर फळांचे घोस.

"कुणी लावला हा? इथे, भिंतीत?" बियांकाने विचारलं.

अल्फान्सोने वर, वाघळांकडे बोट केलं.

"रात्री जातात, कुठेतरी उंबर खातात आणि येऊन इथे बी टाकतात. येऊरच्या जंगलात निम्मे उंबर, जांभळं त्यांनीच पेरलेत. गावात कुणी उंबर लावलेला मला आठवत नाही. आमच्याकडे आजवर जेवढी लग्नं झाली, त्यांच्या मांडवातला उंबर यांनीच दिलाय. आता तुमच्याही."

बियांकाने वर पाहिलं. एका मादीने पंख किंचित उघडला होता. आतून एक इवलंसं, कोल्ह्यासारखं तोंड बाहेर डोकावलं आणि पुन्हा आत गेलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "दूध पितंय." मग दिराकडे वळली. "भावोजी, ती माळ गाडीत ठेवा. आणि मास्तर, तुम्ही जरा चहा घ्या."

पोपटकाका माळ गुंडाळू लागले. गुंडाळताना त्यांच्याच्याने एक शब्द बोलवला नाही आणि हे त्यांच्या घरच्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

बँड नाही म्हटल्यावर बायकांनी नुसतीच गाणी म्हटली, तीही दबक्या आवाजात. गेली कित्येक वर्षं ती गाणी ढोलाखाली दबून गेली होती. लोक नुसते ओठ हलवत असत. आज शब्द ऐकू येत होते. बियांकाला दुसरं कडवं आठवेना, ते जोसेफिनने पुरवलं. जोसेफिन अडली तिथे मानपाड्याच्या एका म्हातारीने पुढची ओळ उचलली. घागरी भरल्या. लिओनासाठी एक डहाळी काढली, मार्विनसाठी एक.

निघेपर्यंत सूर्य टॉवरांमागे गेला. कुणीतरी म्हणालं, थांबा, आता बघा. चिंच सळसळली. एक सुटलं, दोन सुटली, मग आभाळभर मोठमोठे पंख, शांतपणे, घाई न करता, येऊरच्या डोंगराकडे. सहदेव मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. अल्फान्सो मान वर करून उभा होता. हा थवा त्याने आयुष्यभर पाहिला होता. पण इतक्या लोकांना बरोबर घेऊन पाहण्याची ही पहिलीच वेळ. आपला ऊर भरून आलाय हे लपवावं, असं त्याला एरवी वाटलं असतं. आज वाटलं नाही.

मैदानापाशी पोचल्यावर बँडने मग अशी कसर भरून काढली, की टॉवरांतल्या खिडक्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून सगळे हॉलवर आले. टोस्टची, जोडप्यासाठी दोन शब्द बोलण्याची वेळ झाली आणि माईक अर्थातच पोपटकाकांच्या हातात गेला. नवरानवरी राहिले बाजूला, काका सुरू झाले.

"मंडळी, आमच्या विहिरीवर बँड वाजत नाही! का? विचारा ना, का? आमच्या मांडवातला उंबर कुंडीतला नाही, हां. वाघळांनी पेरलेला, खरा, विहिरीतला उंबर! आहे का डोंबिवलीत कुणाकडे?"

टाळ्या पडल्या. जोसेफिनने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? 'आमची विहीर' म्हणतायत."

"म्हणू दे," अल्फान्सो म्हणाला. "आपला उंबर तरी कुठे आपला होता?"

रात्री घरी परतताना तो रिक्षात पुढे बसला होता. क्रूस दिसू लागला आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"इथे थांबव," तो म्हणाला. "आणि हॉर्न नको वाजवू, रे."