पिवळं पिल्लू

माझ्या सासऱ्यांचा कुत्र्यांच्या पैदाशीचा धंदा. सगळी कुत्री काळीकुळकुळीत. नियम एकच: पिल्लांत एखादं पिवळं निघालं की त्याच्या आईची रवानगी. हिच्या रक्तातच खोट आहे म्हणायचे आणि मागेल त्याला देऊन टाकायचे. माझी लाडकी मैना अशीच गेली, अंगावरचं दूध आटायच्या आधी.

मग मला मुलगा झाला. मी आणि नवरा काळ्या डोळ्यांचे, बाळाचे डोळे मात्र वाढता वाढता चक्क घारे झाले. हे आपलं दिसत नाही, असं सासरे माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाले. नवरा मूग गिळून गप्प. शेवटी जेवताना फर्मान निघालं: मी बाळाला घेऊन माहेरी जावं, परत यायची घाई करू नये.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट तसंच सोडून, बाळाला कडेवर घेऊन मी मागच्या पिंजऱ्यांकडे गेले आणि सरदारचं दार उघडलं. सरदार म्हणजे त्यांचा जीव की प्राण, इथला एकुलता एक नर. सासरे धावतच आले.

"मैना गेली, तिच्या आधीच्याही गेल्या," मी म्हटलं. "त्या सगळ्या पिल्लांचा बाप कोण?"

त्यांची नजर सरदारकडे गेली.

"पिल्लाला रंगाचा एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. एक जरी काळा असला तरी पिल्लू काळंच दिसतं, पिवळा आत दडून राहतो. दोघांनीही पिवळा दिला तरच पिल्लू पिवळं. म्हणजे तुमच्या सरदारातही तो आहेच. डोळ्यांचंही तसंच. घारेपणा एकट्या माझ्याकडून आलेला नाही, तुमच्या लेकाकडूनही आलाय. आणि त्याला तो याच घरातून मिळाला."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्याकडे बघायचीही मला इच्छा नव्हती.

"नियम तुमचाच आहे, बाबा. आधी सरदारला काढा, मग तुमच्या लेकाला. मग मी जाते."

सासऱ्यांनी सरदारचा पट्टा घट्ट धरला. माहेरचा विषय तिथेच संपला. माफी त्यांनी मागितली नाही, मला ती नकोच होती. मी मैना परत मागितली.

ते स्वतः जाऊन तिला घेऊन आले. गाडीतून उतरताच ती त्यांच्यावर दात विचकून गुरगुरली. त्यांनी मला हाक मारली. मी बाळाला पाजत होते. उठले नाही.