दोन वरमाया

मंगळवार पेठेत कुणाचं लग्न ठरलं, की माणसं भटजींच्या आधी संयोगिताबाईंकडे यायची. मामाला फेटा की टोपी, रुसलेल्या चुलत्याला आणायला कुणी जायचं, पहिल्या पंगतीला कोण बसायचं, हे सगळं बाईंना तोंडपाठ. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं मानपानासकट निभावून नेली, आणि प्रत्येक मांडवात त्यांचा डोळा एकाच जागेवर असायचा. वरमाईची खुर्ची. मुलीची आई वाकून पाय धुते आणि मुलाची आई बसून धुवून घेते. संयोगिताबाईंच्या आईला चार मुली, त्या माउलीचा सगळा जन्म वाकण्यात गेला. बाईंना मात्र एकुलता एक मुलगा झाला, राजवर्धन, आणि बारशाच्या दिवशीच त्यांनी ठरवून टाकलं, की एकदा तरी आपण त्या खुर्चीत बसायचं.

गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढं ओढत राजवर्धननं सांगितलं, की त्याला मुलगी बघू नका. त्याला मंजुनाथ हवा आहे, आणि मंजुनाथला तो.

मंजुनाथ घराला नवा नव्हता. पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळताना राजवर्धनचा गुडघा सरकला, तेव्हापासून हा फिजिओथेरपिस्ट घरी येत होता. उंचापुरा, काळाभोर, डोक्यावर कुरळ्या केसांचं रान. पहिल्या दिवशी बाईंनी त्याला हातवारे करत, मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं होतं, "तुम आफ्रिका से शिकने को आया क्या?"

"न्हाई ओ मावशी, हल्याळचा हाय. बेळगावच्या पल्याड," तो मराठीत म्हणाला. "सिद्दी हाय आमी. लई पिढ्यांमागं आमच्या माणसांना आफ्रिकेतनं आणलं म्हणं. मी बेळगावच्या फुडं आलोय ते फक्त कोल्हापूरला."

बाई इतक्या ओशाळल्या, की त्या दिवशी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढं त्यानं त्यांचाही गुडघा बरा केला आणि रविवारचं ताट त्याचं ठरूनच गेलं.

तरी दिवाळीनंतर आठ दिवस बाई राजवर्धनशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मंजुनाथ खाली मान घालून दारात उभा राहिला आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जेवलास काय रं?" एकदा एवढं विचारल्यावर माणूस राग कुठून आणणार? राग गेला. पण त्या रात्री भांडी घासताना त्यांना जे रडू फुटलं, ते गल्ली काय म्हणेल म्हणून नव्हतं. ते त्या खुर्चीसाठी होतं.

आता पोरांनी आपटेनगरात फ्लॅट घेतला होता. कायद्यात लग्न बसत नाही, तर निदान नव्या घरात दूध उतू घालवायच्या आधी दोन्ही घरं समोरासमोर बसू देत, असं बाईंचे यजमान आकाराम म्हणाले. आकाराम वर्षाकाठी दोन-तीनदाच बोलायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी मोडत नसे. रविवार ठरला. मंजुनाथची आई गिरिजाबाई हल्याळहून येणार होत्या.

बाईंनी पहाटेपासून मटण शिजवलं, मग त्या ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या आणि बाहेरच्या सोप्यातल्या खुर्चीत ताठ बसल्या. अकरा वाजता शेजारी उभ्या राजवर्धनचा फोन वाजला. मंजुनाथचा होता.

"आई, त्या आल्यात. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत बसल्यात."

"मग मंजूला म्हणावं, घरात घेऊन ये त्यास्नी."

"येईनात. म्हणत्यात, मुलाकडची माणसं आपणहून घरात शिरत न्हाईत. कुणीतरी घ्यायला याय पायजे."

"आता बघा!" बाई खुर्चीतून न उठताच उसळल्या. "मुलाकडचे आपण! आपण व्हय घ्यायला जायाचं?"

"आई, त्या बी मुलाकडच्याच हाईत की."

अख्ख्या पेठेचा मानपान सोडवणारी बाई, पण असला पेच त्यांच्यापुढं कधी आला नव्हता. उठावं, तर तीस वर्षांची खुर्ची हातची जाते. बसावं, तर पाहुणी टपरीवर. बाई बसूनच राहिल्या. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. मटणावर झाकण होतं आणि राजवर्धन सोप्यात येरझाऱ्या घालत होता.

शेवटी आकाराम यांच्या ऐंशी वर्षांच्या आत्या, धोंडुबाई, काठी घेऊन उठल्या. "तुमचा मान तुमी राखा. मी बघून येतो तिला," म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्या त्या खुशीत.

"सगळं इचारून आलो बग," त्यांनी पाय पसरत जाहीर केलं. "पैला केसाला हात लावून बघितला."

"आत्याबाई!" संयोगिताबाई किंचाळल्याच. "पावण्या बाईच्या केसाला कोण हात लावतंय?"

"इचारून लावला की! तिनं बी माझ्या लावला. म्हणाली, तुमच्याकडं तर हात लावाय काय उरलंच न्हाई." आत्याबाई बोळक्या तोंडानं खदखदून हसल्या. "मग त्या पोराला इचारलं, का रं, तुमा दोघांत बाई कोण?"

राजवर्धननं कपाळावर हात मारला. "आजी, असं इचारत न्हाईत गं कुणाला."

"मग कळायचं कसं? पोरगं गुणाचं हाय, चिडलं न्हाई. म्हणालं, आजी, दोघांत एक बाई असती, तर माझी आई टपरीवर अन् राजूची आई खुर्चीत अशा कशाला बसल्या असत्या?"

आतून आकाराम यांचं हसू ऐकू आलं. संयोगिताबाईंना मात्र हसू येईना.

"आन् एक," आत्याबाईंचा आवाज जरा उतरला. "तिचा मालक न्हाई आला. वरीस झालं, पोराशी बोलत न्हाई म्हणं. घरात भांडून, एकटीच आलीया बाई. पहाटंपास्नं गाड्या बदलत."

मुलाची आई पहिल्यांदा कुणाच्या दारी जात नाही, हा नियम संयोगिताबाईंनीच शंभर घरांना सांगितला होता. आणि ही मुलाची आई परक्या गावात, परक्या कोपऱ्यावर येऊन बसली होती. त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली. त्या उठल्या, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या दारात काढून ठेवला, चपला घातल्या आणि भर उन्हात निघाल्या.

टपरीच्या बाकावर गिरिजाबाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारी उभा असलेला मंजुनाथ बाईंना बघून नुसताच घाम पुसायला लागला. काय बोलायचं ते संयोगिताबाईंनी वाटेत तीनदा घोकलं होतं. आयत्या वेळी एवढंच निघालं, "चला की घरात. मटाण गार हुयाला लागलंय."

गिरिजाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "अक्का, खरं सांगू का? मानासाठी न्हवतं ओ बसले मी. पोराला सांगायला काय तरी पायजे, म्हणून मानाचं नाव घेतलं. मला भ्या वाटत होतं. आमचा रंग बघून दारातनं माघारी लावल्याली माणसं मी बघितल्यात, त्यात माझी आई बी. कुणी घ्याय आलं, की कळतंय, आपण त्यास्नी हवं हाय म्हणून."

"आणि मी खुर्ची धरून बसलो होतो," संयोगिताबाई म्हणाल्या. "चुकलं माझं." असं वाक्य त्यांच्या तोंडून पेठेनं आजवर ऐकलं नव्हतं, टपरीवाल्यानंसुद्धा गाळणी तशीच हातात धरली. बाईंनी पिशवी स्वतःच्या हातात घेतली, आणि दोघी निघाल्या.

गल्लीतल्या खिडक्या एव्हाना भरल्या होत्या. समोरच्या वर्षाराणीला राहवलं नाही. "काकी, पावणं कोण म्हणायचं?"

दिवाळीपासून संयोगिताबाई याच प्रश्नाला भीत होत्या. त्या थांबल्या, आणि मांडवात अक्षता वाटताना लावायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई हाईत माझ्या!"

"विहीण? म्हणजे राजूचं..."

"व्हय, राजूचंच. बाकी काय इचारायचं ते चारनंतर चहाला ये आणि समोर बसून इचार. खिडकीतनं न्हाई."

वर्षाराणी चार वाजायची वाट न बघता जिना उतरायला लागली.

दारात बाईंनी गिरिजाबाईंवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांब्या घेतला आणि त्यांच्या पायांवर पाणी घालायला खाली वाकल्या. आईसारख्याच वाकल्या. आयुष्यभर ज्या वाकण्याला भ्यायल्या, त्यात आज काहीच जड वाटलं नाही. आपण मुलाची आई की मुलीची, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. उठून त्या आत निघणार, तोच गिरिजाबाईंनी त्यांचा दंड धरला.

"कुठं चाललासा? आता तुमी बसा."

"मी? हे माझंच घर हाय ओ."

"असू दे की. पोराची आई तुमी बी न्हवं?" त्यांनी तांब्या काढूनच घेतला.

आत्याबाईंनी काठीनं ढकलत ढकलत ती सोप्यातली खुर्ची पार उंबऱ्याबाहेर आणली. "बस गं बाई," त्या म्हणाल्या. "बारशापास्नं बसायचं हाय न्हवं तुला?"

म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं! संयोगिताबाई आपल्याच दारात, सगळ्या गल्लीसमोर, त्या खुर्चीत बसल्या. गिरिजाबाई खाली वाकल्या तशी बाईंना आठवण झाली, की पहाटेपासूनच्या गडबडीत पायांकडे बघायचं राहूनच गेलं. टाचांना ह्या एवढ्या भेगा पडलेल्या. त्यांनी पाय आखडून घेतला. गिरिजाबाईंनी तो हलकेच पुढं ओढला, गार पाणी घातलं आणि अंगठ्यानं भेगा चोळत चोळत धुतला.

या घडीला आपण कशा ऐटीत बसू, ते बाईंनी तीस वर्षं मनात रंगवलं होतं. ऐट कुठली, त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आज आई असायला हवी होती, असं त्यांना फार वाटलं. राजवर्धन आणि मंजुनाथ दाराच्या दोन बाजूंना उभे होते आणि दोघांनाही कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"टाचंला रोज तेल लावत जावा ओ, विहीणबाई," गिरिजाबाई दुसरा पाय हातात घेत म्हणाल्या.

"लावतो," म्हणत अख्ख्या पेठेला रीतभात शिकवणाऱ्या संयोगिताबाईंनी आपण होऊन पाय पुढं केला.