लाल दोऱ्याचा टाका

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानशीच आहे, पण मन लावून ऐकावी अशी आहे.

हॉटेलच्या बागेतल्या लिंबाच्या झाडाखाली बसून सासूबाई टेबलावरच्या बशा बोटाने मोजत होत्या. बशा तीन, जेवणारी माणसं दोन.

"सवयीनं तिघांचं सांगितलंस वाटतं," त्या म्हणाल्या.

सुनेने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

लेकाला देवाने नेलं, त्याला चार वर्षं झाली होती. सून माहेरी गेली नाही. सासूबाईंच्या शिवणाच्या खोलीत दुसरं मशीन मांडून ती गणवेश शिवू लागली. दारात चपलांचे दोन जोड दिसत होते, तोवर सासूबाईंना घर घरासारखं वाटत होतं. हल्ली मात्र सून मशीनवर बसून गुणगुणायची. ते ऐकून त्यांना बरंही वाटे आणि ही आता जाईल की काय, अशी धास्तीही वाटे.

आज या नव्या तुर्की हॉटेलात जेवायचं, हा सुनेचाच हट्ट. काचेच्या भिंतीमागे स्वयंपाकघर, बाहेर झाडांमध्ये टेबलं, आणि टेबलावर इवल्या इवल्या वाट्या.

"एवढंसं वाढतात? पाखरं येतात काय गं इथं जेवायला?"

"आई, हे नुसतं सुरुवातीचं आहे."

"मग शेवटापर्यंत मी टिकते का बघ."

सून हसली, पण डोळे वर न करता. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला. भाताशिवाय लेकाचं पोट भरत नसे. सासूबाईंनी दोन गुंडाळ्या उचलून तिसऱ्या बशीत ठेवल्या आणि पदराने बशीची कड पुसली.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी जेव."

तेवढ्यात हॉटेलचा आचारी स्वतः गरम रोटी घेऊन आला. ती ठेवताना त्याचा हात सासूबाईंच्या डोळ्यांपुढून गेला. पांढऱ्या बाहीच्या बटणाला शेवटचा टाका लाल दोऱ्याचा होता.

लेक वसतिगृहात असताना त्याचे कपडे इतर मुलांच्या कपड्यांशी बदलून जात, म्हणून ओळखीसाठी सासूबाई तसा टाका घालू लागल्या होत्या. लग्नानंतर ते काम त्यांनी सुनेकडे सोपवलं होतं. गिऱ्हाइकाच्या कपड्याला तो कधी घालायचा नाही, घरच्या माणसालाच घालायचा.

शर्ट लेकाचा नव्हता. टाका मात्र तोच.

सुनेचंही लक्ष तिकडे गेलं. तिचा चेहरा उतरला. "बटण लावताना लाल दोऱ्याकडे हात आपोआप गेला, आई," ती पुटपुटली.

आचारी तसाच उभा राहिला. सासूबाईंनी तिसऱ्या बशीकडे पाहिलं. झाडावरून एक पान टेबलावर पडलं, ते त्यांनी बोटाने बाजूला सारलं. मग बशी दोन्ही हातांनी धरून रिकाम्या खुर्चीसमोर नीट सरकवली.

"बसा," त्या आचाऱ्याला म्हणाल्या. "भात गार होतोय."

तो बसला. पहिला घास त्याने तोंडात घातला, तेव्हा सासूबाईंनी मान वळवून लिंबाच्या झाडाकडे पाहिलं.

"दोरा लवकर विटतो," त्या सुनेला म्हणाल्या. "माझ्याकडचं रीळ घेऊन जा."

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढं करा. पानावर बसाल आणि पहिला घास उचलाल, तेव्हा ज्याच्या वाट्याचा तो भात होता, त्या लेकाची क्षणभर आठवण काढा.