घरात पेशंट

हुडकेश्वरच्या त्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाड्या सात आणि चार्जर दोन. रोजची भांडणं नकोत म्हणून सेक्रेटरी संजीव निखारे यांनी सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. सकाळी किती वाजता निघायचं आणि गाडी किती भरायची, एवढं आदल्या संध्याकाळी त्यात टाकायचं; कोणाचा नंबर कधी, ते ॲप ठरवणार. ज्याला लवकर निघायचं त्याची गाडी आधी. थोड्याच दिवसांत ॲपमध्ये सगळेच पहाटे पाचला निघायला लागले. प्रत्यक्षात त्या वेळी पार्किंगमध्ये दूधवाला सोडून कोणी नसायचं.

दीप्ती मेश्राम मात्र खरी वेळ टाकायची, साडेनऊची. शहरात पलीकडे सदरला एका ट्रॅव्हल एजन्सीत ती तिकिटं काढायची. खरं टाकल्यामुळे तिचा नंबर शेवटी लागायचा आणि गाडी अर्धीमुर्धी भरलेली मिळायची. भर मे महिन्यात एसी बंद ठेवून ती ऑफिस गाठायची, तेव्हा कुर्ता पाठीला चिकटलेला असायचा. नवरा रोशन चंद्रपूरला नोकरीला होता, शनिवारी घरी यायचा. तो म्हणाला, तूही पाच टाक. तिनं टाकून पाहिलं. पण पाच तर सगळ्यांचेच होते, त्यानं काही फरक पडला नाही.

ॲपमध्ये खाली आणखी एक रकाना होता, ‘घरात पेशंट’; तो भरला की नंबर सगळ्यांआधी. एका संध्याकाळी तिनं त्यावर बोट ठेवलं. पेशंट म्हणून तिनं सासऱ्यांचं नाव टाकलं, लहानू मेश्राम. आजार विचारला गेला तेव्हा ‘डायलिसिस’ निवडलं. बाकीच्या आजारांपेक्षा हा शब्द तिच्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवसापासून गाडी पूर्ण भरलेली मिळू लागली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एसीचा गार वारा तोंडावर घेत ती आरामात सदरला पोचायची.

आठवडाभरानं संजीव लिफ्टपाशी भेटले. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, लहानूजींना कधीपासून आहे हे? चुकून बोट लागलं असं ती त्याच क्षणी म्हणू शकली असती. पण ती म्हणाली, झाले काही महिने, आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं. संजीव गंभीर झाले. वहिनी, अडलं तर माझाही नंबर घ्या, म्हणाले, आणि त्यांनी खरंच दोनदा आपला नंबर सोडला. त्या दोन्ही दिवशी ते ऑटोनं कामावर गेले.

संजीवच्या आई रुख्माबाई अर्धं आयुष्य उमरेडला हातमागावर बसलेल्या. घरी बसून राहणं त्यांना जमायचं नाही. त्या डबा घेऊन दारात आल्या, लवकीची, म्हणजे दुधीची, बिनमिठाची भाजी. किडनीच्या माणसाला मीठ चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. बाबा झोपले आहेत, असं सांगून दीप्तीनं दारातच डबा घेतला. लहानूजी त्या वेळी गच्चीवर कुंड्यांची माती बदलत होते. मग दोन-चार दिवसांआड डबा येऊ लागला.

हे असंच चालू राहिलं असतं, पण रोशन घरी आला नव्हता अशा एका रविवारी रुख्माबाईंना चक्कीपाशी लहानूजी दिसले, दळणाचा डबा खांद्यावर घेऊन निघालेले. रुख्माबाईंनी त्यांना भर रस्त्यात थांबवलं. भाऊ, असं वजन काहून उचलून राहिले, डायलिसिसच्या माणसानं असं करतात का, म्हणून चांगलंच रागावल्या. लहानूजींनी सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन दळण ओट्यावर ठेवलं आणि सुनेला विचारलं, “माह्या किडनीले काय झालं वं?”

दीप्तीनं उभ्याउभ्याच सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

लहानूजी खुर्चीवर बसले. “मंग आता पुढं काय? मी बरा होतो का मरतो?”

इतका पुढचा विचार तिनं केलाच नव्हता.

“भीमाले नेत होतो मी डायलिसिसले,” ते म्हणाले. भीमाबाई त्यांची बायको. दीप्ती या घरात येण्याआधीच गेलेली. “दोन वर्सं नेलं. बसची पायरी चढणं होत नव्हतं तिच्यानं. कंडक्टर हात द्यायचा.” त्यांनी खांद्यावरचं पीठ झटकलं. “मी कोणाले खोटं सांगणार नाही. तुह्यी चुगलीही करणार नाही. कोणी इचारलं तर म्हणन, सुनेले इचारा.”

मग ते हातपाय धुवायला गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर दीप्तीला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी रिकामा डबा घेऊन ती रुख्माबाईंच्या दारात गेली. “काकू, बाबाले काही झालं नाही. गाडी आधी भरावी म्हणून मी तसं टाकलं होतं.”

रुख्माबाईंनी डबा हातात घेतला. “मंग माह्यी बिनमिठाची भाजी कोणं खाल्ली?”

“मी. वरून मीठ टाकून.”

म्हातारी आत निघून गेली. दीप्तीला ‘बस’ही म्हणाली नाही. संजीव बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. ते चिडले नाहीत, ऑटोचा विषयही त्यांनी काढला नाही. फक्त म्हणाले, आणखी दोन घरांतून पेशंट लिहून आले आहेत, आता त्यांचंही खरं-खोटं बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. दीप्तीचं नाव नव्हतं. यापुढे पेशंटसाठी आधी नंबर हवा असेल तर दवाखान्याचे कागद सेक्रेटरींना दाखवावे. एका घरानं कागद दाखवायच्या आत आपला पेशंट काढून टाकला.

उरलं ते एकच घर, तिसऱ्या मजल्यावरच्या गोपिकाचं. तिची सासू खरोखरच आजारी होती. केमोसाठी न्यावं लागायचं. पुढच्या आठवड्यात दीप्ती खाली आली तेव्हा गोपिका सासूला धरून लिफ्टबाहेर उभी होती.

“काल फाइल दाखवून आली मी संजीवभाऊले,” गोपिका म्हणाली. “पहिल्या पानापासून. त्याईलेच लाज वाटून राहिली होती.”

“माह्यामुळं झालं ते.”

“माहीत आहे,” गोपिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. “हिले धर जरा. मी गाडी काढतो.”

दीप्तीनं म्हातारीचा दंड धरला. पातळाखाली तो पोकळ लागत होता. म्हातारीनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि तू कोणाची म्हणून विचारलं. दीप्तीनं सासऱ्यांचं नाव सांगितलं.

“बरे आहेत ना ते आता?”

“हो,” दीप्ती म्हणाली, “बरे आहेत.”

गोपिकानं गाडी जवळ आणून लावली. दोघींनी मिळून म्हातारीला आत बसवलं, पाय उचलून नीट ठेवले. गाडी फाटकाबाहेर गेली. दीप्तीनं आपल्या गाडीचा प्लग काढून पाहिलं, निम्म्याहून थोडी जास्त भरली होती. खिडक्यांच्या काचा खाली करून ती सदरकडे निघाली.