पिठात उमटलेले दोन हात

बेकरीवाल्याच्या मुलीला पिठाचा स्पर्श सहन होत नव्हता. बोटाला जरा पीठ लागलं तरी चिमी किंचाळायची. 'दिव्याखाली अंधार,' असं गिऱ्हाइकं हसत म्हणत, आणि तिचे बाबाही हसण्यावारी नेत.

एक दिवस बालवाडीच्या बाईंनी बाबांना थांबवून घेतलं. "चिमी कागद कापते तेव्हा तिचा डावा हात नुसता लोंबकळत राहतो. कागद धरायलाही पुढे येत नाही. एकदा तज्ज्ञांना दाखवा."

"उजव्या हाताची आहे ती. त्यात काय एवढं?" बाबा फणकाऱ्याने म्हणाले आणि निघून आले.

पण रात्री जेवताना त्यांचं लक्ष चिमीच्या हातांकडे गेलं. पाणी पिताना ती बाटली मांड्यांत धरून एका हाताने झाकण फिरवत होती. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात ते चिमीला घेऊन लहान मुलांच्या हालचाली आणि स्पर्शाच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडे गेले.

थेरपिस्ट पन्नाशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी चिमीला झोक्यावर पोटावर झोपवलं, बोगद्यातून रांगायला लावलं, तिच्याशी चेंडू खेळल्या. मग म्हणाल्या, "हा हट्ट नाही हो. आपल्याला जे मऊ लागतं, ते तिला टोचतं. आणि तिच्या दोन हातांची अजून गट्टी जमलेली नाही. जमेल, पण घाई करू नका. मळलेलं पीठ जाड पिशवीत बंद करून द्या. पिशवी उघडायची की नाही, हे तिलाच ठरवू दे."

घरी थेरपिस्टनी सांगितलेले खेळ सुरू झाले. आई चिमीचे पाय धरायची आणि चिमी हातांवर चालायची. दुपारी बेकरीत ती पिशवीतलं रोजचं ताजं पीठ दाबत बसायची. महिना झाला तरी पिशवी काही उघडली नाही. एकदा बाबांचा धीर सुटला. "बघ, काही होत नाही!" म्हणत त्यांनी तिचे दोन्ही हात धरून परातीतल्या पिठात दाबले. चिमी थरथर कापत रडली आणि पुढे दहा दिवस बेकरीत फिरकली नाही.

शेवटी बाबाच तिच्यासमोर जमिनीवर बसले. "चिमे, चुकलं माझं. पुन्हा नाही असं करणार."

"विचारून करायचं," ती म्हणाली.

"विचारून करायचं," त्यांनी कबूल केलं.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी बाबा पावांचे ट्रे भट्टीत सरकवत होते. मागून आवाज आला, "बाबा, उघडू?" त्यांनी वळून मान हलवली. चिमीने पिठाला आधी एक बोट लावलं. नाक मुरडलं, बोट फ्रॉकला पुसलं, पुन्हा लावलं. मग दोन्ही तळवे टेकवून तिने पीठ पुढे-मागे वळलं. वाकडीतिकडी वळी झाली. डावा हात कुठेच मागे राहिला नाही.

त्या वळीचा पाव भट्टीतून एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला चपटा निघाला. बाबा तो कागदात गुंडाळून बालवाडीत गेले.

"बाई, त्या दिवशी मी तुमच्यावर उगाच चिडलो. तुम्ही बोलला नसतात तर आम्ही अजून हसतच बसलो असतो. तुमचे उपकार कसे फेडू?"

बाईंनी पाव उलटसुलट करून पाहिला. "ते सांगितल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती," त्या म्हणाल्या. "वाटलं, उगाच कुणाचं तरी मन दुखावलं." मग त्यांनी तिथेच पाव मोडला आणि अर्धा बाबांच्या हातावर ठेवला.