चिन्नरेवूची ओटी

हैदराबादच्या नामपल्लीहून टूरची बस सुटली तेव्हा त्रिवेणीबाईंनी खिडकीची जागा सुनेला, माधवीला दिली. ती जागा नवऱ्याची, निवृत्तीरावांची. जन्मात एकदा दरिया बघायचा म्हणून त्यांनीच ती धरली होती. बेगम बाजारातून हिरवा खण आणून बायकोच्या हाती दिला होता. “नदीची ओटी भरतेस, आता दरियाची भर.” महिन्याभरात ते गेले. बासरला गोदावरीत अस्थी सोडल्या. त्रिवेणीबाई रडल्या नाहीत. जामबागच्या शेजारणी बोलल्या. बोलू देत, त्यांच्या जिभेला दुसरा धंदा काय.

खण तेवढा पोचवायचा राहिला होता.

चिन्नरेवू गाव एवढंसं. गाईड पोरगी सांगत होती, इथं डचांची गलबतं लागायची, छापील कापड भरून न्यायची. मग तुफान आलं, गाळ साचला, दरिया कोसभर मागं हटला. आता दीपस्तंभ आहे, तळलेली कोळंबी आहे, उंटाची सवारी आहे.

“दरिया गेला अन् उंट आला,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. “शहाणं गाव.”

वाळूत उभ्या राहून त्यांनी पाणी पाहिलं. पुष्कळ होतं. आत काही हललं नाही.

“अम्मा, ती गढूळ धार दिसते ना, ती गोदावरी,” गाईड म्हणाली. “इथंच मिळते.”

“बासरचं पाणी इथं येतं?”

“हौ, येतं.”

“मध्ये धरणं किती?”

“बहुत हैं, अम्मा.”

“म्हणजे अजून वाटेतच असतील. चालणं संथच होतं त्यांचं.”

त्यांनी पिशवीतून खण काढला, नारळ, तांदूळ, हळद काढली. कुंकवाची डबीसुद्धा निघाली. चाळीस वर्षांच्या सवयीनं भरलेली. हात तिथंच थांबला. ओटी सवाष्णीनं भरायची. विधवा जाऊ मंगला, तिचा हात बासरच्या घाटावर नदीची ओटी भरताना त्यांनीच मागं सारला होता, चार बायांदेखत.

“आणा आई, मी भरते,” माधवी हळूच म्हणाली.

“खण माझ्या हाती दिला होता.”

गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी ओटी सोडली. तांदूळ गेले, हळद गेली. नारळ अन् खण लाटेनं पायाशी आणून टाकले. पुन्हा लोटले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा त्यांनी खण उचलला, पिळला, माधवीच्या हाती दिला.

“हा मंगलाला दे.”

“तुम्हीच द्या की.”

“तू दे. अन् माझं नाव सांगू नको.”

बसचा हॉर्न वाजला. या खेपेला खिडकीशी त्या बसल्या. डोळे कोरडेच होते. लुगड्याचा काठ मात्र बराच वेळ ठिबकत राहिला.