हुंकार

नलिनीताई भाजी निवडायच्या आणि त्यांचे यजमान चंद्रप्रकाश त्यांना कादंबरी वाचून दाखवायचे, असा भांडुपच्या त्या घरातला वर्षानुवर्षांचा रिवाज. नलिनीताईंनी मधूनमधून "हं" म्हणायचं. हुंकार थांबला की पुस्तकही थांबायचं.

आता चंद्रप्रकाशांची नजर गेली. नलिनीताई उतारवयात अक्षरं शिकल्या होत्या, पण त्यांची एक ओळ वाचून होईस्तोवर चहा निवायचा. म्हणून लेकीने, रुचिराने, फोनवर कादंबरी लावून दिली. "बाबा, मधोमध बोट टेकवलं की थांबेल."

वाचणाऱ्याचा आवाज झकास होता, तरी चंद्रप्रकाशांनी थोड्याच वेळात फोन बाजूला सारला.

"बंद कर गं. हा कोणासाठी वाचतोय?"

"अहो, तुमच्यासाठी."

"मला कुठे ऐकायची सवय आहे?"

नलिनीताईंनी ओळखलं, पुस्तक सुटलं, तर हा माणूस नुसता भिंतीकडे तोंड करून बसणार. त्या गवार घेऊन शेजारी बसल्या आणि फोनला "हं" म्हणू लागल्या.

रुचिराला हसू आलं. "आई, तो तुझ्यासाठी थांबणार नाहीये."

"न थांबू दे. कोणी हं म्हणायला नको?"

चंद्रप्रकाशांनी फोन पुन्हा मांडीवर घेतला.

गवार निवडून झाली. गोष्टीतला नावाडी ऐन भरतीत होडी घालत होता, तेवढ्यात नलिनीताई ओट्याशी गेल्या. मोहरी तडतडली आणि आवाज थांबला. त्यांनी वळून पाहिलं, तर चंद्रप्रकाशांचं बोट फोनच्या मधोमध.

"तुझी फोडणी होऊ दे," ते म्हणाले. "मग पुढे जाऊ."